वचनाने बांधलेले कैदी आणि कर्जाने बांधलेली माणसे

अमेरिकेतील फॉक्स कंपनीने ऑक्टोबर १९३० मध्ये ‘अप द रिव्हर’ हा बोलपट प्रदर्शित केला, तेव्हा पडद्यावरच्या माणसाला वाचा फुटून तीनच वर्षे झाली होती आणि चित्रपटसृष्टी या नव्या वाचेचा उपयोग कशासाठी करावा याचा अजून शोध घेत होती. जॉन फोर्ड यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे कथानक बहुतांशी तुरुंगात घडते, त्यातील जवळजवळ सर्व प्रमुख पात्रे शिक्षा भोगणारी आहेत, आणि तरीही तो प्रेक्षकाला भेडसावत नाही. उलट गुन्हेगार ठरलेल्या माणसांवर माया करायला लावतो. ही माया कोठून आली, तिला कोणत्या मर्यादा होत्या आणि ती महाराष्ट्राच्या भूमीवर कोणत्या रूपांत अवतरली, हा चित्रपटाच्या इतिहासाइतकाच समाजाच्या इतिहासाचाही प्रश्न आहे. आणि डहाणू-तलासरीच्या वारली आदिवासींच्या मुलखातून त्याकडे पाहिले की त्याचे स्वरूप पुष्कळ बदलते, कारण त्याच काळात त्या मुलखात कोणताही गुन्हा न केलेली माणसे भिंतीवाचून कैदेत होती.

चित्रपटाच्या जन्माची पार्श्वभूमी मुळीच विनोदी नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न तुरुंगात १९२९ मध्ये जुलै आणि डिसेंबर अशा दोन वेळा कैद्यांचे उठाव झाले, आणि २१ एप्रिल १९३० रोजी ओहायो राज्याच्या कोलंबस येथील मध्यवर्ती तुरुंगाला लागलेल्या आगीत ३२२ कैदी मृत्युमुखी पडले. तुरुंगांत किती दाटी आहे, आतली माणसे कोणत्या अवस्थेत जगतात, याची वर्तमानपत्रांतून रोज चर्चा होत असताना हॉलिवूडमधील कंपन्यांना त्यात कथावस्तू दिसली. ‘शिकागो’ या नाटकामुळे नावारूपाला आलेल्या मॉरिन डॅलस वॉटकिन्स या लेखिकेकडून फॉक्सने तुरुंगावरील गंभीर कथा लिहवून घेतली. परंतु ती पडद्यावर येण्यापूर्वीच एमजीएम या प्रतिस्पर्धी कंपनीचा ‘द बिग हाऊस’ हा तुरुंगपट १९३० च्या उन्हाळ्यात झळकला आणि प्रचंड गाजला. फ्रान्सिस मॅरियन यांना त्याच्या लेखनासाठी ऑस्कर मिळाले, आणि ध्वनिमुद्रणासाठी त्या वर्षी प्रथमच दिला गेलेला ऑस्करही त्यालाच लाभला. हा दुसरा मान विशेष बोलका आहे. तुरुंग ही मुळात आवाजांची जागा असते: घंटा, कुलपे, गजांवर आपटणारे दरवाजे, फरशीवरून रांगेने जाणारी शेकडो पावले. मूकपटाला जे दाखवता येत होते पण ऐकवता येत नव्हते, ते बोलपटाने पहिल्यांदा प्रेक्षकाच्या कानांवर घातले.

त्याच विषयावर दुसरा गंभीर चित्रपट काढण्यात अर्थ उरला नाही, असे फॉक्सला वाटू लागले. अशा वेळी, फोर्ड यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यांनी आणि विल्यम कोलियर या ज्येष्ठ नटाने मिळून मूळ संहिता दिवसेंदिवस बदलत नेली आणि तिचा विनोदपट केला. प्रमुख भूमिकेसाठी फोर्ड यांनी स्पेन्सर ट्रेसी या रंगभूमीवरील नटाची निवड केली. त्याला त्यांनी ‘द लास्ट माइल’ या, मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या कैद्यांवरील नाटकात पाहिले होते. ट्रेसीचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. याच चित्रपटातील हम्फ्री बोगार्ट हाही त्या वेळी नवखाच होता. पुढे जगभर कीर्ती मिळवणारे हे दोन नट त्यानंतर पुन्हा कधीही एका चित्रपटात एकत्र आले नाहीत.

कथा साधी आहे. सेंट लुइस नावाने ओळखला जाणारा रुबाबदार गुन्हेगार आणि डॅनेमोरा डॅन हा त्याचा मठ्ठ पण भाबडा जोडीदार यांची फिरून बेन्सोनॅटा नावाच्या तुरुंगात गाठ पडते. तेथे स्टीव्ह हा चांगल्या घरातील तरुण शिक्षा भोगत आहे आणि स्त्री-कैद्यांच्या विभागातील ज्युडीवर त्याचे प्रेम जडले आहे. स्टीव्ह पॅरोलवर, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर मुदतीपूर्वी, सुटून घरी जातो. पण ज्युडीला फसवून तुरुंगात धाडणारा ठग तेथे येऊन त्याचा भूतकाळ उघड करण्याची धमकी देऊ लागतो. हे कळताच सेंट लुइस आणि डॅन तुरुंगातील करमणुकीच्या कार्यक्रमाच्या गडबडीत निसटतात, मित्राची अडचण दूर करतात आणि मग शेजारच्या तुरुंगाच्या संघाशी व्हायचा बेसबॉलचा सामना हुकू नये म्हणून आपण होऊन तुरुंगात परत येतात.

हे परतणे हाच चित्रपटाचा गाभा आहे. पळालेला कैदी परत आणण्यासाठी शिपाई, कुत्री आणि बंदुका लागतात, अशी समजूत ज्या समाजात रूढ आहे, त्या समाजाला हा चित्रपट सांगतो की माणूस मैत्रीखातर पळू शकतो आणि आपल्या संघाला दिलेल्या शब्दाखातर परतूही शकतो. त्याला प्रत्यक्षातला आधारही होता. थॉमस मॉट ऑस्बोर्न या सुधारकाने १९१३ मध्ये ऑबर्न तुरुंगात स्वतः एक आठवडा कैदी म्हणून राहून तेथील जीवन अनुभवले, आणि त्यानंतर त्याच्या प्रेरणेने कैद्यांचा परस्परकल्याण संघ स्थापन झाला. कैद्यांनी आपले प्रतिनिधी निवडावे, शिस्त आपली आपण राखावी, खेळ आणि नाटके करावीत, ही त्या संघाची कल्पना होती. १९२९ च्या उठावांचे खापर याच संघावर फोडून ऑबर्नमध्ये तो बंद करण्यात आला. म्हणजे शब्दावर चालणारा तुरुंग प्रत्यक्षात मोडीत निघाल्यावर वर्षभराच्या आतच तो पडद्यावर हसतखेळत उभा राहिला.

पुढच्याच वर्षी लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘पार्डन अस’ आला आणि तोही तुरुंगावरच होता. दारूबंदीच्या काळात घरी बिअर गाळून विकू पाहणारे दोन बावळट गृहस्थ त्यात गजाआड जातात. या चित्रपटात मात्र मायेची मर्यादा उघडी पडते. पळालेले हे दोघे तोंडाला काळे फासून कापसाच्या मळ्यात कृष्णवर्णीय मजुरांमध्ये लपतात आणि चित्रपट त्याकडे गंमत म्हणून पाहतो. वास्तविक अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या काळी अशा मजुरांना किरकोळ आरोपांखाली पकडून साखळदंडात राबवले जात होते, आणि कर्जाच्या नावाखाली मळ्यांना बांधून ठेवले जात होते. हे भीषण वास्तव पडद्यावर यायला १९३२ उजाडावे लागले. त्या वर्षी मर्विन लरॉय यांचा, साखळदंडी मजुरीतून निसटलेल्या कैद्यावरील चित्रपट आला आणि त्याने राज्यकर्त्यांना अस्वस्थ केले, जरी त्याचा नायकही गोराच होता. आवडता कैदी कोणाला होता येते, हे तो कोणत्या जातीजमातीत जन्मला यावरही ठरत असते, ही गोष्ट या चित्रपटांच्या इतिहासकारांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

भारतात पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला आणि प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये मराठीत आला. हॉलिवूडच्या तुरुंगपटासारखा हलकाफुलका प्रकार मराठीत तेव्हा रुजला नाही, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. ‘अप द रिव्हर’ जेव्हा अमेरिकेत दाखवला जात होता, तेव्हा मिठाच्या सत्याग्रहामुळे येथील तुरुंग शिक्षक, वकील, विद्यार्थी आणि शेतकरी यांनी भरून गेले होते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगातच लिहिली. तुरुंगवास हा सन्मान ठरला तो अशा सत्याग्रहींपुरता. चोरी किंवा खून केलेल्या साध्या कैद्याच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा मास्टर विनायक यांचा ‘छाया’ (१९३६) हा चित्रपट अशा साध्या गुन्हेगाराच्या कुटुंबाला चिकटणाऱ्या कलंकाची दुःखद कहाणी सांगतो. गुन्हेगाराला माणूस म्हणून जवळ करण्याचे काम मराठी मुलखात आधी पडद्याने केले नाही. ते एका छोट्या संस्थानाने केले.

औंध हे पंतप्रतिनिधींचे संस्थान म्हणजे जेमतेम ७२ गावांचे, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले राज्य. त्याचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकलेचे जाणकार आणि सूर्यनमस्काराचे निष्ठावंत प्रचारक म्हणून ओळखले जात. त्यांनी आपले पुत्र अप्पासाहेब पंत यांच्या आग्रहाने आणि महात्मा गांधींच्या सल्ल्याने स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचे ठरवले, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना अमलात आली. या घटनेच्या जडणघडणीत मॉरिस फ्रिडमन यांचा मोठा हात होता. वॉर्सात जन्मलेले हे ज्यू अभियंते बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे काम पाहण्यासाठी भारतात आले आणि पुढे संन्यास घेऊन भारतानंद झाले. संस्थानातील आटपाडीच्या परिसरात, जेथे पाऊस मोजका आणि माळरान अफाट, तेथे कैद्यांना भिंतीवाचून ठेवण्याची त्यांची कल्पना राजांनी उचलून धरली आणि १९३९ मध्ये ‘स्वतंत्रपूर’ ही वसाहत उभी राहिली.

ज्याला आज खुले कारागृह म्हणतात, म्हणजे उंच भिंत, गज आणि सशस्त्र पहारा यांच्याऐवजी कैद्याच्या वचनावर चालणारा तुरुंग, त्याचा हा भारतातील अगदी सुरुवातीचा प्रयोग होय. त्याचे वेगळेपण एवढ्यावरच थांबत नव्हते. स्वतंत्रपुरात कैद्याला बायकामुलांसह राहता येई, जमीन कसता येई आणि स्वतःच्या कष्टाचे खाता येई. शिक्षा ही प्रथम कुटुंबाची ताटातूट करते आणि तीच तिची सर्वांत खोल जखम असते, हे ओळखून केलेली ही रचना होती. घरात चूल पेटती असताना आणि शेतात पीक उभे असताना माणूस पळून कोठे जाणार, हा त्यामागचा विचार व्यवहारी तर होताच, पण त्यात माणसाच्या चांगुलपणावरचा दांडगा विश्वासही होता. ऑस्बोर्न यांना मोठ्या राष्ट्राच्या मोठ्या तुरुंगात जे टिकवता आले नाही, ते ७२ गावांच्या राजाने करून दाखवले, हे औंधच्या राज्यघटनेइतकेच मोलाचे मानले पाहिजे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, पण वसाहत मोडली नाही.

आटपाडीचा हा परिसर ग. दि. माडगूळकरांचा घरचा मुलूख. शेटफळे हे त्यांचे जन्मगाव, आणि शिक्षणही औंधला झालेले. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावर त्यांनी रचलेल्या कथेवरून शांताराम यांनी राजकमल कलामंदिरातर्फे ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट १९५७ मध्ये काढला. आदिनाथ नावाचा तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना स्वतःच्या जबाबदारीवर एका ओसाड माळावर नेतो, त्यांच्याकडून जमीन कसवून घेतो आणि त्यांना नजरेने बांधून ठेवतो. चंपा ही खेळणी विकणारी बाई त्यांच्या रुक्ष जगात हसू आणि वात्सल्य घेऊन येते. कैद्यांनी पिकवलेला भाजीपाला स्वस्तात विकला जाऊ लागताच बाजारातील व्यापारी खवळतात आणि गुंड घालून त्यांना मारहाण करवतात. मोकाट बैलाशी झुंजताना आदिनाथ मरण पावतो. त्या प्रसंगाच्या चित्रीकरणात शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर दुखापत झाली होती. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले, आणि गोल्डन ग्लोबच्या समारंभात परदेशी चित्रपटासाठी असलेला सॅम्युएल गोल्डविन पुरस्कारही.

फोर्ड यांच्या चित्रपटाशी त्याची तुलना केली तर साम्य आणि अंतर दोन्ही ठळक होतात. दोन्हींत कैदी मोकळे होतात आणि दोन्हींत ते आपण होऊन परततात. परंतु सेंट लुइस परततो तो बरोबरीच्या मित्रांकडे. शांताराम यांचे कैदी परततात ते एका पित्यासारख्या नजरेकडे, आणि ती नजर मृत्यूनंतरही त्यांच्यावर रोखलेली राहते. स्वतंत्रपुराच्या मूळ कल्पनेतील बायकामुलांची जागा चित्रपटात या नजरेने घेतली, आणि त्यामुळे चित्रपट भव्य झाला तरी मूळ प्रयोगातील साधी, संसारी शहाणीव त्यात कमी झाली.

स्वतंत्रपूर वसले त्याच १९३९ मध्ये मुंबई सरकारच्या डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याचा प्रांतातील आदिवासी जमातींविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात डहाणू आणि उंबरगाव भागातील वारल्यांच्या स्थितीचे वर्णन आहे. आजचा तलासरी तालुका तेव्हा उंबरगाव तालुक्यात मोडत होता. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन होऊन उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीची गावे महाराष्ट्रात राहिली. या भागातील जमीन बहुतांशी सावकार आणि जमीनदारांच्या हाती गेली होती, आणि ती कसणारा वारली त्यांच्या शेतावर ‘वेठ’ करीत असे, म्हणजे बोलावले जाईल तेव्हा विनामोबदला राबत असे. नकार दिला तर मार ठरलेला. याहून कठोर प्रकार लग्नगड्याचा होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतलेला तरुण बायकोसह त्या सावकाराच्या घरी गडी म्हणून राहत असे, आणि कर्ज फिटल्याचे कधीच जाहीर होत नसल्यामुळे त्याची सुटका होत नसे. या कैदेला न्यायाधीश नव्हता, शिक्षेची मुदत नव्हती, पॅरोल नव्हता. स्वतंत्रपुरात बायकामुलांची सोबत हे कैद्याला माणसात आणणारे साधन होते; डहाणू-तलासरीत लग्न हाच बेडीचा खिळा झाला होता.

या मुलखात जाग आणण्याचे काम किसान सभा या शेतकरी संघटनेने केले, आणि त्यात गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर हे दाम्पत्य आघाडीवर होते. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर होत्या, आणि कायदा जेथे पोहोचतच नव्हता तेथे त्या पायी हिंडल्या. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे झालेल्या किसान सभेच्या अधिवेशनाला माह्या धांगडा आणि त्याचे काही वारली सोबती गेले, आणि त्यानंतर २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारल्यांची सभा भरली. वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राहायचे नाही, आणि रोजंदारी घेतल्यावाचून कोणाच्या शेतावर पाय ठेवायचा नाही, असे तेथे ठरले. पुढच्या काही आठवड्यांत गावोगावी लग्नगडी सावकारांची घरे सोडून बाहेर पडले. दाखवायला तोडलेल्या बेड्या त्यांच्याजवळ नव्हत्या. एकमेकांना दिलेला शब्द एवढेच त्यांच्याजवळ होते.

पावसाळा सरल्यावर गवतकापणीच्या दराचा प्रश्न आला. पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मिळावेत, या मागणीसाठी संप सुरू झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मारले गेले. त्यानंतर परुळेकर दाम्पत्यावर जिल्ह्यातून हद्दपारीचा, म्हणजे ठरावीक हद्दीत पाऊल न ठेवण्याचा, हुकूम बजावण्यात आला. हा उठाव स्वातंत्र्यानंतरही वेगवेगळ्या रूपांत चालू राहिला. शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले, आणि १९६५ मध्ये स्थानबद्ध असतानाच त्यांचे निधन झाले. गोदावरीबाईंनी स्वतःच्या तुरुंगवासावर ‘बंदिवासाची आठ वर्षे’ लिहिले, तर वारल्यांच्या लढ्यावर लिहिलेले त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरवले गेले.

तुरुंगपटांच्या इतिहासात या पुस्तकांना स्थान मिळायला हवे, असे म्हणण्यामागे सबळ कारण आहे. ‘अप द रिव्हर’मधील कैद्यांवर माया करणे प्रेक्षकाला सोपे जाते, कारण त्यांना बाहेरचे एक मोकळे जग ठाऊक असते आणि तेथे जाऊन ते परत येऊ शकतात. झरीच्या सभेला आलेल्या लग्नगड्याला असे दुसरे जग नव्हते. ते त्याला स्वतःच, गावातील इतरांच्या साथीने, उभे करावे लागले. कैद्याच्या वचनावर विश्वास ठेवणे ही राज्याची उदारता असेल, पण ज्यांच्यावर कोणीच विश्वास ठेवला नाही अशा माणसांनी एकमेकांच्या वचनावर उभारलेला लढा ही त्याहून मोठी गोष्ट आहे, आणि माणसाच्या शब्दाची किंमत सांगणाऱ्या या साऱ्या कथांमध्ये अग्रमान डहाणू-तलासरीच्या वारल्यांनाच दिला पाहिजे.

आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे, आणि तेथे निवडक कैद्यांना कुटुंबासह राहता येते. कर्जापोटी माणसाला बांधून ठेवण्याची पद्धत देशभर बेकायदा ठरवणारा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ मध्ये, झरीच्या सभेनंतर एकतीस वर्षांनी, झाला, आणि कोणाला वेठीला धरणाऱ्यास त्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा ठेवली.